नव्या गाडीचे खांदे

आधीच सांगून ठेवते, माझे अक्षर बरे नाही. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी उमगले नाही. चौथीपर्यंत शाळेत होते, तेव्हाही गुरुजी माझ्या पाटीकडे बघून काही न बोलता पुढच्या मुलीकडे वळत. कुठे काना सुटला असेल तर वाचणाऱ्याने जोडून घ्यावा. दिवाळी अंकासाठी गावातल्या लोकांनी आपापल्या कामाविषयी लिहावे, असा कागद शाळेच्या भिंतीवर लागला आहे. मी तो दोनदा वाचला आणि घरी आले. पाठवायचे धाडस होईल असे वाटत नाही. पण वही विकत आणली आहे, म्हणून लिहिते.

माझे काम ट्रक धुण्याचे होते. आम्ही ट्रकला गाडीच म्हणायचो.

छप्पन साली लग्न होऊन मी बोरी अरबला आले. त्याच साली आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. हे ध्यानात राहिले, कारण नंबरपट्ट्या बदलाव्या लागतील की नाही यावरून ड्रायव्हर लोक आमच्या दुकानापुढे भांडत बसायचे. दुकान म्हणजे रस्त्याच्या कडेचा कडुनिंब, त्याखाली पंक्चर काढायचे सामान आणि पाण्याने भरलेले एक पत्र्याचे टोपले. घरचे, म्हणजे माझे यजमान, पंक्चर काढत आणि मी विहिरीवरून पाणी आणत असे. ट्यूब टोपल्यात बुडवली की भोकातून बुडबुडे येतात, त्यासाठी पाणी लागते. एकदा एका ड्रायव्हरने उरलेले पाणी पाहून म्हटले, "वयनी, काच तेवढी धुवून द्या." मी काच धुतली. दुसऱ्याने चाके सांगितली. असे करत करत वर्षभरात पूर्ण गाडी आठ आण्यांना धुऊ लागले. सासूबाई म्हणत, "लोकाईची भांडी घासाले लाज वाटे इले, न् आता लोकाईच्या गाड्या घासते." मला त्यात लाज वाटली नाही. गाडी बोलत नाही आणि आपल्यालाही तिच्याशी बोलावे लागत नाही. मला माणसांपुढे बोलणे जड जायचे, त्यामुळे हे काम सोयीचे होते.

जुन्या गाडीचे काही विशेष नसते. चिखल काढला की झाले. एकदा मिरचीची पोती उतरवून आलेली गाडी धुतली, तेव्हा हात दोन दिवस आगीत धरल्यासारखे झाले आणि रस्त्याने जाणारे बोरीचे गुरुजीसुद्धा शिंकत गेले. पण तीही धुतली.

नव्या गाडीचे तसे नाही. तेव्हा कारखान्यातून नुसता सांगाडा आणि इंजिन येई. लाकडी बॉडी बांधून, रंग देऊन घ्यावी लागे. नवा रंग वरून कोरडा दिसतो, पण महिना-दीड महिना आतून कच्चा असतो. त्यावर पहिली रेघ पडली की ती मालकाच्या डोळ्यांत कायमची राहते. पुढे गाडी नदीत पडली तरी तिचे इतके वाईट वाटत नाही.

रेघ कशाने पडते, हे मला कोणी शिकवले नाही. चुकत चुकत समजले. आपल्याकडची काळी माती वाळली की दगड होते, आणि तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात. कोरड्या गाडीवर फडके फिरवले की ते खडे फडक्याखाली घासत जातात. म्हणून आधी हात लावायचा नाही. नुसते पाणी टाकायचे, टपापासून खाली. माती भिजू द्यायची, पुन्हा पाणी टाकायचे. माती आपल्या पायांनी उतरून गेली पाहिजे. मग रिठ्याचे पाणी. धुण्याच्या सोड्याने रंगाचे तेज जाते, रिठ्याने जात नाही. फडके जुन्या धोतराचे, खूप धुतलेले, काठ फाडून टाकलेले. ते खाली पडले तर पुन्हा अंगाला लावायचे नाही, ते चाकांचे झाले. बादलीतले तळाचे दोन बोटे पाणी न वापरता ओतून द्यायचे, कारण रेती तळाशी बसते. नदीचे पाणी कितीही नितळ दिसले तरी घ्यायचे नाही. आणि उन्हात तापलेल्या पत्र्यावर विहिरीचे खारे पाणी सुकू द्यायचे नाही, पांढरी वर्तुळे उठतात.

एवढे करूनही रेघ पडायची. ती कुठून येते हे समजायला मला बरेच दिवस लागले. ती माझ्या हातातून येत होती. काचेच्या बांगड्या.

अठ्ठावन सालची गोष्ट. नवे पैसे चालू होऊन वर्ष झाले होते, तरी बाजारात आण्यांतच बोलत. बोरीपासून दोन कोसांवर बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथल्या लालसिंग राठोडांनी नवा ट्रक घेतला. सरकी काढणाऱ्या जिनातल्या कापसाच्या गाठी वाहायला. गर्द निळा रंग होता. तो पहिल्यांदा आमच्या निंबाखाली उभा राहिला तेव्हा त्यात निंबाच्या फांद्या दिसत होत्या. राठोड माणूस मोठ्या आवाजाचे, पण वाईट नव्हते. तीन ठिकाणी विचारून माझ्याकडे आले होते. पोळा आठ दिवसांवर होता. तोपर्यंत दोनदा गाडी धुवायची, एका वेळचा एक रुपया.

माझ्या हाताकडे बघून ते म्हणाले, "बाई, बांगड्या काढून ठेवा लागन."

सासूबाई आतून बाहेर आल्या.

"कायच्या काढून ठेवा लागन? माहा पोरगा जित्ता हाय अजून!"

घरचे ट्यूब घासत होते. वर न बघता म्हणाले, "काढ वो. मी म्हणतो नं. घंटाभराचं काम हाय, तेवढ्यात मी काई मरून नाई राह्यलो."

"तुले काय समजते मरन काय अस्ते ते!" सासूबाई म्हणाल्या.

राठोडांची आई गाडीच्या केबिनमध्ये बसली होती. त्यांच्यात आईला याडी म्हणतात, आणि अख्खी बोरीही तिला याडीच म्हणे. दर बाजाराला ती तुपाचे मडके घेऊन यायची. तिच्या हातात मनगटापासून खांद्यापर्यंत पांढरा चुडा होता. ती वरून म्हणाली, "भांडू नका वो. हिच्या हातात चारच हायेत. माह्या हातानं धुतली असती तं गाडी सोलून निघाली असती."

सगळे हसले, राठोडसुद्धा. त्या हसण्यात मला सुचले. मी धोतराची लांब पट्टी फाडली, बांगड्या वर सरकवल्या आणि मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी गुंडाळली, हाड मोडल्यावर गुंडाळतात तशी. गाडीच्या पायऱ्यांवर चढताना जोडवी रंगाला लागतात, म्हणून पायाच्या बोटांनाही चिंध्या बांधल्या. बांगड्या हातात राहिल्या आणि गाडीला लागल्या नाहीत. सासूबाईंनी दोन्ही हात तपासून पाहिले आणि आत गेल्या. पुढे ड्रायव्हर लोक मला पट्टीवाली वयनी म्हणू लागले.

पहिली धुलाई नीट झाली. राठोडांनी चारी बाजूंनी वाकून पाहिले, एक ओरखडा नव्हता.

दुसरी धुलाई पोळ्याच्या आदल्या दिवशी. याडी पोळ्याचा बाजार करायला त्याच गाडीने आली होती. बैलांसाठी नव्या वेसणी, रंग, गोंडे. मी गाडी धुऊन पुसत होते, तेवढ्यात ती माझ्याकडे आली. हातात पितळी वाटी, तिच्यात तूप आणि हळद.

"पोरी, तुह्या चुलीत विस्तू हाय का? एवढं कोमट करून दे."

मी वाटी चुलीवर ठेवली. आज खांदशेकणी आहे, घरी गेल्यावर बैलांचे खांदे शेकायचे असतील, असे मला वाटले. वर्षभर ज्यांच्या खांद्यावर जू असते त्या बैलांना आपण आदल्या संध्याकाळी तूप-हळद लावतो, पळसाच्या पानांनी शेकतो, आणि म्हणतो, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मी वाटी फडक्यात धरून तिला नेऊन दिली. ती गाडीच्या पुढे गेली आणि पळसाचे पान तुपात बुडवून पुढच्या चाकावरच्या मडगार्डला चोळू लागली.

राठोड धावत आले. "याडी! हा काय बैल हाय?"

"वझं कोण वाह्यते? तू का?"

"लोक हसतीन."

"तुह्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ वाह्यलं, पार खाली समुद्रापासून. दर साली त्याईचे खांदे शेकले. तवा कोणी हसलं नाई. आता याच्यावर कापूस वाह्यतो, तं याचे खांदे काहून नाई?"

मग ती त्यांच्या बोलीत काही बोलली, ते मला अर्धेच समजले. राठोड बाजूला झाले. घरच्यांनी तर उठून हात जोडले. याडीने डावा खांदा शेकला, मग उजवा. प्रत्येक ठिकाणी तळहाताएवढे. गाडीला आवतण दिले.

मला माहीत होते. तूप लागलेल्या जागी धूळ बसेल, आणि धूळ बसली की कोणीतरी ती पुसेल. एक वाक्य बोलायचे होते. "याडी, शेकून झालं की मी रिठ्यानं धुवून देतो," एवढेच. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होते. पण तिथे पाच-सहा पुरुष उभे होते आणि म्हातारी डोळे मिटून पुटपुटत होती. मी बादली उचलली आणि चाके धुवायला बसले. चाके आधीच धुतलेली होती.

पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी गाडी परत आली. राठोड खाली उतरले आणि माझ्याशी न बोलता घरच्यांना म्हणाले, "या इकडं. पाहा."

दोन्ही मडगार्डवरचा निळा रंग मळकट झाला होता. वाकून पाहिले तर बारीक रेघा, शेकडो.

राठोड म्हणाले, "बायकोनं पट्ट्या बांधल्या होत्या नं? सुटली असन पट्टी."

राठोडांचा ड्रायव्हर महादेव मागे उभा होता. तो म्हणाला, "बांगड्याच हायेत शेटजी. काचेच्याच रेघा दिसते." आणि मान वळवून निंबाकडे बघू लागला.

घरच्यांनी मला विचारले, "तुह्या हातानं झालं का?"

मी मानेने नाही म्हटले.

"मंग कायनं झालं ते सांग नं."

मला ते पाहताक्षणी कळले होते. बांगडीची रेघ एकटी असते, आखूड, वाकडी आणि खोल. या रेघा सरळ होत्या, एकमेकींना चिकटून, जणू विंचरलेल्या. त्या बारदानाच्या होत्या. पोळ्यात गाडी बैलांच्या रांगेत तोरणाखाली उभी केली असणार, तुपावर धूळ बसली असणार, लोक हसले असतील आणि कोणीतरी कोरडे पोते घेऊन खसाखसा पुसले असणार. मी हे सगळे सांगू शकत होते. पण केबिनमध्ये याडी बसली होती. तुपामुळे झाले असे मी म्हटले असते तर म्हातारीने नव्या गाडीला मंगल म्हणून केले ते अपशकुनाचे झाले असते. आणि तूप कोमट केले होते माझ्या चुलीवर. मी पुन्हा फक्त मान हलवली.

रंगाऱ्याने दोन्ही बाजूंचे चाळीस रुपये सांगितले. राठोड म्हणाले, "मी पोलीस-पंचायत करत नाई. चाळीस भरा, गोष्ट संपली."

आम्ही भरले. अठरा रुपये शेळी विकून आले. बारा घरच्यांनी हवा भरायच्या नव्या पंपासाठी ठेवले होते, ते दिले. उरलेले दहा मी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत फेडले. घरचे जुन्या पंपाने हवा भरत राहिले. तो अर्धी हवा बाहेर सोडायचा, आणि प्रत्येक दाबाला घरचे त्याला एक शिवी देत. मला एकही दिली नाही. सासूबाई मात्र म्हणाल्या, "काढल्या असत्या बांगड्या, तं निदान शेळी तरी राह्यली असती." पट्टीची गोष्ट बाजारात पसरली होती. त्या हंगामात नवी गाडी माझ्याकडे एकही आली नाही. चिखलाच्या येत होत्या, आठ आण्यांच्या.

कापसाचा हंगाम संपल्यावर, फाल्गुनात, राठोडांनी रंगारी बोलावला. पुढचे मला याडीनेच सांगितले. रंगाऱ्याने मडगार्ड घासले, नवा रंग मारला आणि रंग दोन जागी फाटू लागला, तेलकट हातावर पाणी फाटते तसा. त्याने विचारले, "अठी तेल सांडलं होतं काय? तेलकटावर रंग धरत नाई." राठोड म्हणाले, तेल कशाला सांडेल. मग त्याने बोटाने दाखवले. इथून इथपर्यंत धरत नाही. डाव्या बाजूला तळहाताएवढे, उजव्या बाजूला तळहाताएवढे.

याडी अंगणात बसून बघत होती. ती उठली आणि तिने आपला हात त्या जागेवर ठेवून पाहिला. बरोबर बसला.

त्या बाजाराच्या दिवशी ती मडके घेऊन थेट आमच्या निंबाखाली आली. मी एकटीच होते.

"तुले माहीत होतं," ती म्हणाली.

मी हातातले फडके पिळले.

"बाईच्या बांगड्या दोन्ही खांद्यांले एकाच जागी कशा लागतीन? मले तवाच समजाले पाह्यजे होतं. म्हातारी झालो मी. पन तू तं तरणी हाय. तू काहून नाई बोलली?"

"तुम्ही बसल्या होत्या अठी."

"मंग? माह्यासमोर बोलाचं नाई, न् माह्यामागं शेळी विकाची?" ती रागावली होती. मला कोणी असे रागावले नव्हते. "महादेवाले मी विचारलं. बारदानानं पुसली त्यानं. लोक हसले म्हणून. त्याचं काय ते लालसिंग पाह्यन. तूप माहं होतं, ते मी पाह्यतो."

तिने कमरेच्या पिशवीतून दोन रुपये काढले आणि माझ्यापुढे ठेवले. "दर बाजाराले दोन. तुपानं गेले, तुपानंच भरतो. पोराले मधात घालू नको."

मी नको म्हटले. ते मला म्हणता आले, पण तिने ऐकले नाही.

चार दिवसांनी राठोड गाडी घेऊन आले. घासून पुन्हा दिलेला रंग सुकून गेला होता. त्यांनी बादली माझ्यापुढे ठेवली आणि निंबाखाली बसलेल्या ड्रायव्हरांना ऐकू जाईल असे म्हणाले, "बाई, पट्ट्या नाई बांधल्या तरी चालते." मी बांधल्या. महादेवने त्या दिवशी विहिरीवरून चार बादल्या पाणी आणून दिले. तो म्हणाला, "वयनी, मले वाटलं, बांगड्यायचं म्हटलं तं कोणी कोनाले मारणार नाई." खरे सांगायचे तर त्याचे बरोबर होते. कोणी कोणाला मारले नव्हते. फक्त शेळी गेली होती.

याडीचे पैसे मात्र सरळ आले नाहीत. वैशाखात तिची म्हैस आटली, तेव्हा तीन बाजार रिकामे गेले. पुढे पावसाने नाले भरले, तेव्हा दोन. तरी ज्या दिवशी यायची त्या दिवशी तूप विकून झाले की आधी माझ्याकडे यायची, मग मिठाकडे. आम्ही बसायचो. ती बोलायची, मी ऐकायचे. हळूहळू मीही बोलायला लागले. तिच्यासमोर चुकीचे बोलले तरी ती दुसरीकडे वळत नसे.

पुढच्या पोळ्याला ती पुन्हा वाटी घेऊन आली. पुन्हा तूप-हळद, पुन्हा पाच-सहा पुरुष. मी चुलीजवळून म्हणाले, "थांबा."

माझा आवाज इतका मोठा निघाला की घरच्यांच्या हातातली पकड खाली पडली.

"तूप बैलाईले ठेवा. याचे खांदे नुसत्या ओल्या पळसानं शेका. याले तूप पचत नाई."

याडीने माझ्याकडे बघितले. "अन् आवतन?"

"आवतन द्या नं. ते पुसाले लागत नाई."

ती इतकी हसली की चुडा खुळखुळला. पळसाची पाने गरम पाण्यात बुडवून आम्ही दोघींनी दोन खांदे शेकले, एक तिने, एक मी. लगेच मी वरून रिठ्याचे पाणी सोडले. पुढे चार-पाच वर्षे ती गाडी माझ्याकडे होती, आणि तिचा मूळचा रंग गाठींच्या दोरांनी गेला, धुण्याने गेला नाही. आता माझी सून म्हणते, आई, तुम्ही फार बोलता. शेजारच्याने नवी मोटारसायकल आणली की मी आपण होऊन जाते आणि सांगते, कोरडे फडके लावू नका. त्याला आवडो न आवडो. ज्या एका वाक्याचे चाळीस रुपये पडले, ते फुकट सांगायला मला काही वाटत नाही.

त्याच साली, दसऱ्याच्या आधीच्या बाजाराला याडी आली. मडके रिकामे होते. तिने दोन रुपये काढले. अडतीस आधी आलेले होते. घरचे नवा पंप घेऊन आले होते, आता त्यालाही शिव्या देत होते. मी तिला म्हटले, "याडी, हे राहू द्या. अडतीस लय झाले. माहं काई म्हणणं नाई."

"काहून?" ती म्हणाली. "दोन बाकी ठेवले तं दोन रुपयांचे ओरखडे तुह्या नावावर राह्यतीन. ते मले नाई पाह्यजे."

मी पदराला हात पुसला आणि पुढे केला. तिने एक रुपया ठेवला, मग दुसरा. चाळीस पूर्ण झाले.